पिन मालकानंच घालायची

त्याच्याकडे जीप घेऊन जाणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी जमिनीवर आडवं व्हावं लागे. चहा नंतर, बोलणं त्याच्याही नंतर. आमोण्याला नदीच्या बांधालगत त्याची पत्र्याची शेड होती. शेडच्या दारात तो गोणपाट टाकी आणि म्हणे, "पडा."

"मी?"

"मगे कोण? गाडी माझी आसा काय?"

डिचोलीचा वकील असो की सुर्ल्याचा ट्रकवाला, माणूस निमूट खाली सरके. हा त्याच्या शेजारी पडून त्याला स्वतःच्या गाडीचं पोट दाखवी. डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसं नाही. शेजारणीच्या घरातली भानगड सांगावी तसं. "हो जॉइंट आणि ही दांडी, दोघांचा आता पटणा नाय. किती दिवस एका घरात ठेवतलास?"

तोंडावर मी त्याला 'मेस्त्री' आणि 'तुम्ही' म्हणत असे. मनात कधीच नाही. इथे मनातलंच लिहायचं आहे, म्हणून 'तो'च म्हणतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मला त्याचा मत्सर वाटे. साधासुधा नव्हे, पोटात दुखेल असा. माझ्या बाबांचा जेवढा विश्वास त्याच्या हातावर होता, तेवढा माझ्या हातावर नव्हता. आणि गाड्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे.

बाबा सुर्ल्याच्या एका खाणीवर जीप चालवायचे. हा तिथल्याच गॅरेजात फिटर होता, सावंतवाडीकडून आलेला. खाण बंद पडली तेव्हा जुन्या गाड्या विकायला निघाल्या आणि जी जीप जन्मभर चालवली तीच बाबांनी मुळगावला घरी आणून दारात उभी केली. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. यानं आमोण्याला शेड घातली. मी तोवर डिप्लोमा करून म्हापशाला एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला लागलो होतो. लोक माझ्या हातात चावी ठेवून निर्धास्त घरी जातात. एक बाबाच तेवढे चावी देत नसत.

"बाबा, रविवारी मी बघतो ना."

"तुजें काम कंप्युटराचें. ही गाडी हाताची," असं म्हणून ते आमोण्याला निघून जात आणि दुपारच्या जेवणालाच परतत.

घरी बाबा म्हणजे चार शब्दांचा माणूस. मीठ कमी आहे, पाऊस येईल, दार लाव, संपलं. आमोण्याच्या त्या शेडमध्ये मात्र त्यांना बोलताना मी पाहिलंय. हातवारे करून, मांडीवर थाप मारून, खाणीतल्या साहेबांच्या नकला करत. त्यांचा गुडघा दुखतो हे मला पहिल्यांदा त्याच्या तोंडून कळलं. "ड्रायव्हरांचो डावो गुडघो बघ रे डिप्लोमा. क्लच दाबताना त्वांड वाकडा करतत." मी त्यांचा मुलगा, एकाच घरात राहणारा. आणि मला बातमी आमोण्याहून.

मला तो 'डिप्लोमा'च म्हणे. चिडवून नव्हे, अगदी मायेनं. त्यामुळे उलट बोलायचीही सोय नव्हती.

जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना स्टेअरिंगशी बांधणाऱ्या लोखंडी दांड्या असतात आणि दांड्यांच्या टोकांना जॉइंट, माणसाच्या खुब्यासारखे, वाटीत फिरणारी गोळी. धुळीनं, पाण्यानं ते झिजतात आणि मग स्टेअरिंग थरथरायला लागतं. त्याचा जीव या जॉइंटमध्येच होता. इंजिनाला तो हात लावी, पण नाइलाजानं, लग्नात दूरच्या नातेवाइकांशी बोलावं तसा. जॉइंट म्हटलं की डोळे चमकत.

पारखायची त्याची एक रीत होती. बाबा सीटवर बसून स्टेअरिंग थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे फिरवत राहायचे. गाडी कुणाचीही असो, रविवारी फिरवायचा मान बाबांचा. हा खाली उताणा पडून जॉइंटवर तळवा ठेवी आणि डोळे मिटून घेई. त्या वेळी शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, बशीत कपही ठेवायचा नाही. मिनिटभरानं डोळे उघडून तो निकाल सांगे. "झिजला ता डोळ्यांक दिसता. सैल झाला ता हाताकच कळता." हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. बाबा ते घरी येऊन आईलाही ऐकवत.

जॉइंट सोडवायला आमच्या सेंटरला पुलर असतो. मेस्त्री दोन हातोड्या घेई, एक बाजूला टेकवून धरी आणि दुसरीनं समोरून एकच ठोका देई. जॉइंट पिकलेल्या आंब्यासारखा खाली येई. मग दांडीतून तो फिरवून काढताना आटे मोजी, मोठ्यानं, आरतीच्या चालीवर. जितके फेरे काढले तितकेच फेरे नवा आत घालायचा, म्हणजे चाकं होती तिथंच राहतात. मधे कुणी हाक मारली तर जॉइंट पुन्हा आत फिरवून पहिल्यापासून मोजणी. एकदा सतराव्या फेऱ्याला पाववाला पोदेर सायकलचा पोंपों वाजवत आला. यानं सगळं परत फिरवलं, उठला, चार उंडे पाव घेतले, पोदेराला मुलाबाळांची चौकशी करून वाटेला लावलं आणि परत खाली जाऊन 'एक' म्हटलं. ज्याची गाडी होती तो गृहस्थ तोवर घामानं भिजला होता. बाबा हसत होते.

आणि सगळ्यांत शेवटी पिन. जॉइंटचा नट आवळून झाला की तो कधीही सुटू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक दुहेरी तार आरपार घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. एवढीशी ती स्प्लिट पिन, पण ती नसली तर धक्क्याधक्क्यानं नट ढिला होतो, आणि एक दिवस चाक एकीकडे, स्टेअरिंग दुसरीकडे. ही पिन तो स्वतः कधी घालत नसे. कुणाच्याही गाडीला, कुठल्याही घाईत नाही. पिन मालकानंच घालायची. "माझा काम पान्यापर्यंत. जीव तुमचो, पिन तुमची."

एका भाटकारानं, म्हणजे इथल्या जमीनदारानं, नकार दिला होता. इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा घालून आलेला माणूस. म्हणाला, "म्हजो ड्रायव्हर घालतलो."

"गाडयेत बसता कोण?"

"हांव."

"मगे तुमी घाला."

भाटकार रागानं भाड्याच्या रिक्षेत बसून गेला. जीप तीन दिवस पिनेवाचून शेडमध्ये उभी. चौथ्या दिवशी भाटकार जुनी चड्डी आणि बनियन घालून आला, खाली सरकला, पिन घातली, आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगत सुटला की पिन आपण घातली म्हणून. ही गोष्ट सांगताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. माझ्या कामाची एखादी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला तरी ठाऊक नाही.

पिनेचे पाय वाकवण्याची प्रत्येकाची आपली तऱ्हा असे. बाबा पक्कडीनं टोकं आत वळवून वर मुरड घालत, आई चवथीला नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, घालते तशी. कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. मेस्त्री तेवढ्यासाठी इतरांना बोलावून दाखवी. "ह्या बघा. ह्येका म्हणतत पिन."

काढलेले जुने जॉइंट तो फेकत नसे. शेडच्या भिंतीवर तारेनं टांगून ठेवी. कुठला कोणाच्या जीपचा हे त्याला विचारायची गरज नव्हती; तो आपणहून सांगे. बाबांच्या जीपचा पहिला जॉइंट गणपतीच्या फोटोशेजारी होता. आमच्या घरात माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट कपाटाच्या मागे आहे.

आता माझ्या हातून घडलं ते सांगतो.

आठेक वर्षांमागे आई-बाबा पेडण्याला लग्नाला गेले, दोन दिवस. जीप दारात आणि चावी खुंटीला. बाबा थरथरीची तक्रार करतच होते. मी रजा टाकली, चार नवे जॉइंट आणले, सोबत चार पिना, आणि कामाला लागलो. माझ्या मनात एकच चित्र होतं. बाबा येतील, जीप चालवतील, चकित होऊन विचारतील, 'मेस्त्री आयिल्लो?' आणि मी म्हणेन, नाही, मी केलं.

आटे मोजले नाहीत. मुद्दामच. मोजणी त्याची, मी टेप लावून चाकं सरळ केली. पुलर वापरला. दुपारपर्यंत काम झालंसुद्धा. मधे शेजारचे काका येऊन गप्पा मारत बसले आणि मी खालूनच त्यांना सर्व्हिस सेंटरच्या बढाया सांगत राहिलो.

बाबा आले. जीप फाटकापर्यंत नेली आणि थांबवली. चाकं सरळ होती, पण हातातलं स्टेअरिंग वाकडं.

"हें वांकडें कित्याक?"

"जॉइंट बदलले. चारही नवे. मी बदलले."

बाबांनी जीप मागं घेतली, उतरले, पाय धुतले, चहा प्यायले. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावर अकराच्या सुमारास रुमाल काढायला कामाच्या शर्टाच्या खिशात हात घातला, तर बोटाला काहीतरी टोचलं. पिन. चौथी पिन.

घरी फोन केला. आई म्हणाली, "बाबा ना घरांत. जीप घेवन आमोण्याक गेल्यात. कित्याक रे?"

मी मोटारसायकल काढली. म्हापशाहून आमोण्यापर्यंत मी काय पाहिलं, कुठले गाव गेले, काही आठवत नाही. रस्त्याच्या कडेला उभी प्रत्येक गाडी मला उलटलेली वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे मागत होतो की बाबा त्या माणसाकडे सुखरूप पोचू देत.

पोचले होते. जीप शेडमध्ये उभी. बाबा बाकावर बसून चहात उंडा बुडवून खात होते. मेस्त्री रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत होता.

"ये रे डिप्लोमा," तो म्हणाला. "काम बरा केलस. आटे मोजूक इसारलस, म्हणान स्टेअरिंग वाकडा झाला. दांडयेची पट्टी ढिली करून दांडी फिरवलंय. एकय जॉइंट उघडूचो लागलो नाय."

मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकलो आणि हात आत घातला. शेवटी बसवलेल्या, डाव्या चाकाच्या नटावर बोट फिरवलं. पिन होती. मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत ना राग, ना थट्टा. मग त्यानं नजर काढून घेतली आणि बाबांना म्हणाला, "ड्रायव्हरानू, अजून एक उंडो?"

बाबा मला म्हणाले, "च्या घे."

मी घेतला. इतका कडू चहा मी जन्मात प्यायलो नाही. त्यानं बाबांच्या नकळत पिन घातली होती आणि माझी चूक झाकली होती. लोकांना वाटेल, अशा माणसाबद्दल कृतज्ञता वाटावी. मला वाटली नाही. आधी मी नुसता जळत होतो, आता त्याचा मिंधाही झालो. ती चौथी पिन मी कागदात गुंडाळून पाकिटात ठेवली. जीपला हात लावायचा विषय मी त्यानंतर कधी काढला नाही, आणि बाबा दर रविवारी आमोण्याला जात राहिले.

मागच्या वर्षी एका रविवारी ते तासाभरातच परतले. अंगणात उभे राहिले, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून.

"मेस्त्रीचो हात थरथरता," ते म्हणाले. "जॉइंटार हात दवरलो आनी रडलो. म्हणटा, ड्रायव्हरानू, गाडी थरथरता काय माझो हात, माका कळणा नाय."

खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. तो किती क्षण टिकला ते मोजलं नाही, पण झाला. मग बाबांचं तोंड पाहिलं आणि मी आत निघून गेलो.

त्याची मुलगी त्याला सावंतवाडीला घेऊन गेली. जाण्याआधी त्यानं भिंतीवरचे सगळे जॉइंट ज्याचे त्याला नेऊन दिले. आमचा आमच्या देवघराच्या बाहेर, गणपतीच्या फोटोशेजारी लागला. माझं सर्टिफिकेट अजून कपाटामागेच आहे.

पुढे कित्येक महिने जीप ताडपत्रीखाली होती. थरथर वाढली होती आणि बाबा चालवत नव्हते. या वर्षी नारळ उतरवायच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी चावी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"तूं पळे."

तू बघ. वीस वर्षं ज्या दोन शब्दांची वाट पाहिली ते असे आले, दुसरा कुणी उरला नाही म्हणून. पंगत उठल्यावर उरलेलं वाढावं तसे. पण मी चावी घेतली. न घेऊन सांगतो कुणाला?

बाबा सीटवर बसले. स्टेअरिंग उजवीकडे, डावीकडे, आस्ते. मी खाली पडलो, जॉइंटवर तळवा ठेवला, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून डोळे मिटले. कळलं. अगदी तांदळाच्या दाण्याएवढी ढिलाई, पण हाताला कळली. त्या माणसाचं खरं होतं हे मान्य करताना मला काय झालं ते मलाच ठाऊक.

नव्या जॉइंटसाठी जुन्या पिना काढायला घेतल्या. एक, दोन, तीन: पाय सरळ वाकवून कापलेले, आमच्या सेंटरच्या पद्धतीनं. माझ्याच. चौथीवरचं ग्रीस चिंधीनं पुसलं आणि पक्कड तशीच हातात राहिली. चौथीच्या पायांना मुरड होती. नेवरीसारखी, टोकं आत.

मी तसाच पडून राहिलो. मेस्त्री कुणाच्या गाडीला पिन घालत नसे. हे मला तोंडपाठ होतं, त्याची नक्कलही मी करून दाखवत असे. आणि तरी आठ वर्षं मी धरून चाललो होतो की त्या दिवशी त्यानं घातली. मालक बाकावर बसलेला असताना ती मालकानंच घातली असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"बाबा," मी खालूनच म्हटलं. ते वर सीटवरच होते, स्टेअरिंगशी चाळा करत. "ही डावीकडची पिन तुम्ही घातलेली?"

स्टेअरिंग थांबलं. "हय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"ताणें म्हाका सकयल न्हिदयलो. म्हणालो, ड्रायव्हरानू, हात घाला. हांवें घालो. पिन नाशिल्ली." म्हणजे मेस्त्रीनं त्यांना खाली आडवं केलं होतं आणि पिनेवाचूनची खाच त्यांच्याच बोटाला लागली होती. "मागीर हांवें घाली."

"मला सांगितलं का नाही?"

"मेस्त्री म्हणालो, आत्ता सांगशात तर तुमचो झील परत ह्या गाडयेक हात लावचो नाय. म्हाका तें पटलें."

म्हणजे ते गुपितही त्या दोघांचंच होतं. माझ्या चुकीचं गुपित, आणि मी त्यात नव्हतो. त्या अवस्थेतही मला त्याचा मत्सरच वाटला.

"मग आठ वर्षं मला एकदाही का दिली नाही गाडी?" माझा आवाज चढला होता. "रविवारमागून रविवार तिकडे?"

वर सीट करकरली. ते खाली उतरले, गुडघा धरून वाकले आणि त्यांचं तोंड मला चाकाच्या मागे दिसलं, आडवं.

"त्या दिसा मागीर तुवें विचारलेंच ना," ते म्हणाले. "आदीं दर आयतारा विचारतालो. हांव वाट पळयतालो."

म्हणजे दर रविवारी विचारायचं मी थांबलो होतो आणि ते वाट बघत बसले होते. मी कामाला लागलो. दोन हातोड्या घेतल्या. फेरे मोजले, मोठ्यानं, आणि आई 'जेवायला चला' म्हणाली तेव्हा सगळं फिरवून पुन्हा 'एक'पासून मोजले. तीन पिना त्यांनी घातल्या, माझ्या शेजारी गोणपाटावर पडून, गुडघ्याला शिव्या घालत. चौथीच्या वेळी मी पाकीट काढलं, कागद सोडला आणि ती पिन त्यांच्या तळव्यावर ठेवली.

त्यांनी ती जवळ धरून पाहिली. आठ वर्षांत तिला जरासा डाग पडला होता, एवढंच. मग त्यांनी ती माझ्या हातात परत दिली.

"ही तूं घाल."

"पिन मालकानं घालायची."

"म्हणूनच सांगतां," बाबा म्हणाले.

मी घातली. मुरड जमली नाही, पण टोकं आत वळवली.

बाबांनी जीप फाटकापर्यंत नेली, तिथून रस्त्याला लावली आणि वळसा घालून आणली. स्टेअरिंग सरळ होतं. उतरून त्यांनी चावी माझ्या खिशात टाकली आणि म्हणाले, "मेस्त्रीक फोन लाय."

लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यानं उचलला. मी म्हटलं, "मेस्त्री, जीपचे जॉइंट बदलले. चारही."

"आटे मोजलंस?"

"मोजले."

"पिन कोणी घातल्यान?"

"तीन बाबांनी. एक मी."

पलीकडे त्यानं 'तीन आणि एक' असं मोजलं. मग तो म्हणाला, "बरा झाला, बाबू. आता ड्रायव्हरांका दी."

मला तो पहिल्यांदाच डिप्लोमा म्हणाला नाही. मी फोन बाबांना दिला. ते पायरीवर बसले, मांडीवर थाप मारली आणि बोलू लागले, चार नव्हे, चारशे शब्द, खाणीतल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत, डोळ्यांत पाणी येईतो हसत. खिशात जीपची चावी घेऊन मी दारात उभा होतो आणि तेव्हाही जळत होतो. मग आत गेलो, उंडे संपले होते म्हणून दोन पोळ्या घेतल्या, चहा केला आणि बाबांच्या शेजारी, फोन ऐकू येईल इतक्या जवळ, जाऊन बसलो.